भाड्याच्या घरातली गळती : आधी पाणी कुठलं ते शोधा, मग दुरुस्ती कुणाची ते ठरतं

दिवाळीच्या आधी पेंटर येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी-प्रायमर मारतो आणि भिंत कोरी दिसायला लागते. आषाढात डाग त्याच जागी परत. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. पाण्याची वाट तशीच राहिली, ते दिसायची जागा तेवढी झाकली गेली. भाडेकरू आणि मालक दोघंही डागावरून भांडतात, पाण्याच्या वाटेबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तेच चालतं. पाणी गच्चीचं असेल तर सोसायटी, वरच्या बाथरूमचं असेल तर वरचा मालक, आपल्या भिंतीतल्या पाइपचं असेल तर आपला मालक, इमारत नवी असेल तर बिल्डर. पत्र कुणाला लिहायचं हे पाणी कुठून येतं त्यावर ठरतं.

लक्षणं

डाग कधी ओला होतो आणि कुठे आहे, एवढ्यावरून निम्मं निदान होतं.

पाऊस लागल्यावर दिसतो, उघडीप पडली तरी दोन-तीन दिवस ठिबकत राहतो, एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा : गच्ची, पॅरापेट (गच्चीचा कठडा) किंवा बाहेरची भिंत. पुण्यात पाऊस बहुतेक वेळा पश्चिमेकडून-नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती आणि खिडक्यांचे खालचे कोपरे आधी ओले होतात.

बाराही महिने सारखाच, वरचे लोक आठवडाभर गावाला गेले तरी थांबत नाही : टाकीतून येणारा, सतत दाबाखाली असलेला पाइप.

सकाळी सात ते दहा जोरात, दुपारी मंद, किंवा वर वॉशिंग मशीन लागलं की तासाभराने : सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं) किंवा फरशीचे सांधे.

बेडरूमच्या भिंतीला स्कर्टिंगपासून फूट-दीड फूट ओल आणि पलीकडे बाथरूम : बाथरूमच्या फरशीखाली साचलेलं पाणी. यात वरच्यांचा बहुधा काहीही संबंध नसतो, तरी पहिली तक्रार त्यांच्याकडेच जाते.

थंडीत, कपाटामागे, ठिपक्याठिपक्यांची काळी बुरशी आणि भिंत हाताला गार : ही गळती असेलच असं नाही, खोलीतलाच दमटपणा भिंतीवर जमत असतो.

पिवळट-तपकिरी डाग आणि कुबट वास असेल तर सांडपाण्याचा संशय घ्या. पांढरा खार, म्हणजे लोणा, आला असेल तर पाणी काँक्रीट-प्लास्टरमधून हळूहळू झिरपत बाहेर येतंय आणि वाटेतले क्षार सोबत आणतंय.

एक गोष्ट सगळ्याच्या आधी. पाणी पंख्याच्या हुकातून, दिव्याच्या होल्डरमधून किंवा स्विचबोर्डाजवळून येत असेल तर त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा आणि इलेक्ट्रिशियन बघून जाईपर्यंत वर करू नका. पुढची कुठलीही तपासणी त्यानंतर.

तपासण्या, फुकटापासून महागाकडे

१. पेन्सिल आणि वाटी. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, फूटपट्टी धरून फोटो काढा. दर आठ दिवसांनी नवी रेघ. ठिबक असेल तर खाली वाटी ठेवून पहाटे पाचला, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला एकेक तासाचं पाणी मोजा. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण पुरतं. तिन्ही वेळा आकडा सारखा आला तर दाबाचा पाइप, सकाळी नऊचा दुपटी-तिपटीने जास्त आला तर सांडपाणी. तासाला ५० मिली म्हणजे दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास. प्लंबरला "थोडं थोडं गळतं" म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगितला की तो योग्य सांधा उघडतो. हाच कागद पुढे नोटिशीला जोडायचा आहे, म्हणून आळस करू नका.

२. आपल्याच घरातले सांधे. अँगल कॉक, फ्लश टाकीची नळी, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, कमोडच्या मागचा कनेक्टर. प्रत्येकाखाली कोरडा टिश्यू पेपर धरून ठेवा. हाताला न कळणारी ओल कागदाला कळते. फ्लश टाकीत खाण्याच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग कमोडमध्ये उतरला तर सायफनचं वॉशर गेलंय. वॉशर, टेफ्लॉन टेप, नळीचा तुकडा ही किरकोळ कामं बहुतेक करारांत भाडेकरूच्याच गळ्यात असतात आणि ती मालकाकडून मागण्यात अर्थ नाही. शंभर-दोनशे रुपयांवरून संबंध बिघडवले तर पुढच्या मोठ्या कामाला मालक फोन उचलत नाही.

३. प्लास्टिकचा तुकडा. काळ्या बुरशीच्या जागी भिंत पुसून, फूटभर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूला असतील तर दमटपणा. कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवा, एक्झॉस्ट चालवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येतंय.

४. रात्रभर व्हॉल्व्ह बंद. फ्लॅटला येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह गच्चीवर टाकीपाशी, डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) किंवा माळ्यावर असतो. वॉचमनला विचारून, शेजारच्याची लाइन बंद होत नाही ना हे पाहून, रात्री अकरा ते सकाळी सहा बंद ठेवा. ठिबक घटली तर कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेला, पाइप फुटलाय. वरच्या घराचा व्हॉल्व्ह बंद करायचा तर त्यांच्या संमतीनेच. जुना गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर जोर लावू नका. दांडा तुटला की अख्ख्या विंगचं पाणी जातं आणि मग गळतीचा विषय बाजूला राहून तुमचाच विषय होतो.

व्हॉल्व्ह बंद करून फरक पडला तर पुढचं काम प्लंबरचं : लाइनला हातपंप लावून प्रेशर टेस्ट. गेजचा काटा तासभर जागेवर राहिला तर पाइप निर्दोष, खाली आला तर भिंत फोडायला आधार मिळाला. या चाचणीशिवाय "टाइल्स काढून बघू" म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका.

५. बाथरूममध्ये पाणी साठवून. सर्वांत जास्त गळती इथे सापडते, आणि सर्वांत जास्त चुकीची दुरुस्तीही इथेच होते. अनेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. फरशीच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या गळ्यापासून पाणी आत उतरतं, कोब्यात साचतं, आणि वरचं बाथरूम वापरणं बंद केल्यावरही कित्येक दिवस झिरपत राहतं. म्हणून "आम्ही दोन दिवस वापरलं नाही, तरी गळतंय, म्हणजे आमचं नाही" हा वरच्यांचा युक्तिवाद प्रामाणिक असतो, पण बरोबर नसतो.

चाचणी अशी : ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद करा. साधारण इंचभर पाणी भरा; चार बाय सहा फुटांच्या बाथरूमला सुमारे ५५ लिटर लागतात, १५ लिटरच्या चार बादल्यांना थोडं कमी. पाणी उंबऱ्याच्या खाली राहील एवढंच भरा. पातळीवर खूण करा, २४ तास थांबा. खूण बऱ्यापैकी खाली गेली आणि खाली ठिबक वाढली तर सांधे किंवा ट्रॅप. पाणी जागेवर राहिलं, पण बोळा काढून पाणी सोडताक्षणी खाली ठिबकलं, तर दोष ट्रॅपच्या खालच्या पाइपमध्ये आहे. मग फरशीवर हजारो रुपयांचं वॉटरप्रूफिंग करून उपयोग शून्य. खालच्या छताचं प्लास्टर फुगलेलं असेल तर ही चाचणी करू नका.

सांधे दोषी निघाले तर आधी एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा पक्का मसाला. जुनं सिमेंट तीन-चार मिलिमीटर खरवडून, फरशी पूर्ण वाळवून भरायचं, नंतर २४ तास पाणी नाही. ओल्या सांध्यावर भरलेलं ग्राउट चिकटत नाही. "मागच्या वर्षी केलं होतं, टिकलं नाही" यामागे बहुतेक वेळा हेच असतं. त्याने थांबलं नाही तरच कोबा काढून नव्याने वॉटरप्रूफिंग.

ही चाचणी वरच्यांच्या घरात करायची तर भांडत वर जाऊ नका. त्यांनाच खाली चहाला बोलवा आणि डागाखाली बसवा.

६. गच्ची आणि डक्ट. गच्चीवर पावसाळ्याआधी बघा : पावसाच्या पाण्याच्या पाइपचं तोंड पानांनी तुंबलंय का, चायना मोझॅकला भेगा आहेत का, पॅरापेट आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर वाटा सुटलाय का, आणि कुणी डिश अँटेना किंवा सोलरचा स्टँड ठोकताना कोब्याला भोक पाडलंय का. शेवटचं कारण फार वेळा सापडतं. डक्टमध्ये टॉर्च मारून हिरवं शेवाळ आणि पिंपळाची रोपं शोधा. रोप जिथे उगवलंय त्याच्या वर पाइपचा सांधा गळतोय. तुम्ही फक्त बघा, फोटो काढा. गच्ची सोसायटीची आहे, तिथे भाडेकरूने डांबराचा हात मारायला जाऊ नये.

पाणी सापडलं. आता खर्च कुणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, हे बरंच स्पष्ट आहे. गच्ची, पॅरापेट, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, पावसाच्या पाण्याची गळती, आणि गच्चीतून गळून वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत किंवा प्लास्टर खराब झालं तर तेही : सोसायटीचा खर्च. संडास, बाथरूम, सिंक यांची आतली गळती : त्या त्या सभासदाचा खर्च. "टॉप फ्लोअर घेतलाय, तुम्हीच बघा" हे कमिटीचं उत्तर उपविधींना धरून नाही.

भाडेकरूची अडचण अशी की तो सोसायटीचा सभासद नसतो. तुम्ही सेक्रेटरीला कितीही मेसेज केले तरी सोसायटीला उत्तर देणं भाग पडतं ते सभासदाच्या, म्हणजे तुमच्या मालकाच्या लेखी अर्जाला. म्हणून मालकाकडे "सोसायटीला सांगा" म्हणू नका. अर्ज टाइप करून, फोटो जोडून त्यांना पाठवा, त्यांनी फक्त सही करून द्यायची. परगावी किंवा परदेशी असलेल्या मालकांच्या बाबतीत याने महिने वाचतात. कमिटीने दाद दिली नाही तर पुढची पायरी उपनिबंधक, सहकारी संस्था. तिथेही अर्जदार मालकच.

वाकड, हिंजवडी, खराडीच्या नव्या टॉवरमध्ये राहत असाल तर मालकाला ताब्याची तारीख विचारा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अशा घरात मालकाने घाईने स्वतःचा मिस्त्री लावून टाइल्स फोडल्या की बिल्डर त्याच मिस्त्रीकडे बोट दाखवतो. आधी लेखी तक्रार, मगच हातोडा.

तुमचा करार कुठला?

कायद्याचं बोलताना पुण्यात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम १४ सांगतं : वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात, त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. हिशेब आणि पावत्या जपलेल्या असतील तर खर्चाचा पुरावा म्हणून त्या मालकावर बंधनकारक ठरतात.

महिना ६,००० भाडं असेल तर वर्षाचे ७२,००० आणि वळती करण्याची मर्यादा १८,०००. सदाशिव किंवा कसबा पेठेतल्या वाड्यात महिना २०० रुपये भाडं असेल तर मर्यादा वर्षाला ६०० रुपये. त्यात गवंड्याची दिवसभराची मजुरीही निघत नाही. कलम भाडेकरूच्या बाजूचं आहे, पण जुन्या भाड्याने त्याचे दात पाडले आहेत.

आणि हे कलम "भाडेकरू"साठी आहे. आज पुण्यातले बहुतेक ११ महिन्यांचे करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात. त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत परवानाधारक आहात. कलम १४ दाखवून परस्पर भाडं कापलंत तर तुम्ही करार मोडणारे ठरू शकता. तुमचा आधार वेगळा : करारातलं दुरुस्तीचं कलम, आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५७. मालमत्तेत धोकादायक ठरू शकेल असा दोष मालकाला माहीत होता आणि तुम्हाला नव्हता, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मागच्या भाडेकरूच्या काळातही हेच गळत होतं, याचा साधा मेसेज वॉचमनकडून किंवा शेजाऱ्यांकडून मिळाला तर तो जपा.

करार नोंदवलेलाच नसेल तर? १९९९ च्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोडणं मालकाच्या अंगावर येतं.

दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, असा मेसेज फिरत असतो. तो केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातून आलाय. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडचं भांडण १९९९ च्या कायद्यावरच चालतं.

नोटीस कशी लिहायची

फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहा : "काका, आज बोललो त्याप्रमाणे मास्टर बेडरूमच्या छताची गळती १२ जूनपासून सुरू आहे, फोटो सोबत." सात-आठ दिवसांत हालचाल नसेल तर ईमेल. त्यानंतर करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्ट, नोंदणी आणि पोच घेऊन. जुनं रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय.

मजकूर कोरडा ठेवा. घराचा पत्ता आणि कराराची तारीख. गळतीची जागा, सुरू झाल्याची तारीख, आधी कळवल्याच्या तारखा. केलेल्या चाचण्या आणि निष्कर्ष : "व्हॉल्व्ह ७ तास बंद ठेवल्यावर ठिबक थांबली." मागणी एकच : १५ दिवसांत प्रेशर टेस्ट करून पाइप दुरुस्त करावा. आणि शेवटी, तपासणीसाठी घर कोणत्या दिवशी, किती वाजता उघडं मिळेल ते. हे शेवटचं वाक्य विसरू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे आधी कळवून, वाजवी वेळी घर पाहण्याचा हक्क मालकाला आहे, आणि "भाडेकरू घरात येऊ देत नव्हता" हा मालकांचा हमखास बचाव असतो.

भाडं थांबवू नका. रोख न देता बँकेतून भरा, दर महिन्याला "गळतीची तक्रार कायम ठेवून" अशी नोंद टाका. भाडं थकलं की सगळा विषय थकबाकीचा होतो. स्वतः भिंत फोडणं, पत्र्याची कायमची शेड टाकणं हेही लेखी संमतीशिवाय नाही. जुन्या भाडेकरूला तर विनासंमती पक्कं बांधकाम हे घर खाली करायला लावण्याचं कारण ठरू शकतं. उलट, तक्रार केली म्हणून मालकाने भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडली तर त्याच कायद्याच्या कलम २९ खाली तो गुन्हा आहे.

इथे थांबा, माणूस बोलवा

प्लास्टरवर चमच्याने टकटक करा. बद्द आवाज आला तर त्याखाली पलंग ठेवू नका. सळ्या उघड्या पडल्या असतील, बीमला सळीच्या रेषेत भेग असेल, तर पेंटर, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला कुणीही नको. स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडते, वरून केमिकल मारून ते थांबत नाही.

वाड्याची भिंत फुगली किंवा तुळई कुजली तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी कळवा. पण धोकादायक इमारतीची नोटीस दुधारी असते. घर रिकामं करायची वेळ आलीच तर आधी आपल्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून, नावासह लेखी नोंद करून घ्या, आणि वकील गाठा.

नोटिशीला उत्तर म्हणून मालकाच्या वकिलाचं पत्र आलं, किंवा रक्कम डिपॉझिटच्या पुढे गेली, तर पुढचं पत्र स्वतः लिहू नका. मालक-भाडेकरूंचे दावे पुण्यात लघुवाद न्यायालयात चालतात. सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन उपयोग नाही. ती यंत्रणा मुदत संपलेल्या परवानाधारकाला बाहेर काढण्यासाठी मालकाला दिलेली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. करार पत्नीच्या किंवा आईच्या नावे असेल तर हे लक्षात ठेवा.

घर सोडताना ती पेन्सिलची रेघ आणि तारखा पुसू नका. चावी देण्याच्या दिवशी मालकाला शेजारी उभं करून त्या भिंतीचा व्हिडिओ घ्या, कारण डिपॉझिटमधून "रंगकामाचे" पैसे कापले जातात ते नेमके त्याच भिंतीचे.